तुटक रेघेचे साहेब

साहेब दगड चाटायचे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे वाचणारा म्हणेल, या लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला भ्रम झाला. नाल्यात उतरायचे, हातोडीनं कपची काढायचे, ताज्या फुटलेल्या अंगाला जीभ लावायचे, मग भिंगातून पाहायचे आणि वहीत लिहायचे. ओला केला की दगडाचा दाणा उठून दिसतो, आणि मातीचा दगड जिभेला चिकटतो, हे मला मागून समजलं. पहिल्या दिवशी मात्र मी तंबूवर येऊन खानसाम्याला म्हटलं, "बाप्पा, हा मानूस तं दगड चाखून रायला! याच्यासाठी सयपाक कायले करतं?" खानसामा म्हणाला, "म्हनूनच माह्या भाजीले कधी नाव नाई ठेवत." साहेब मागेच उभे होते. दुसऱ्या दिवशी नाल्यात त्यांनी एक कपची माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चाटा." मी चाटली. "काय लागलं?" "माती लागली, साहेब." "बरोबर. उगाच काही भलतं सांगितलं असतं, तर आजच घरी पाठवलं असतं."

मी नांदगाव खंडेश्वरचा, चौथी शिकलेला. महाराष्ट्र व्हायच्या आधीचे दोन हिवाळे मी मेळघाटात त्यांचा खलाशी होतो. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. नकाशावाल्या साहेबांच्या मागे हातोड्या, पिशव्या, पाणी आणि दिवसभराचे दगड पाठीवर घेऊन चालणारा रोजंदारीचा माणूस. साहेब अमरावतीचे, वकिलाच्या घरातले. सरकारनं त्यांना काम दिलं होतं की या सगळ्या डोंगरजंगलाखाली कुठं कोणता दगड आहे, तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, ते कागदावर उतरवा. कागद माझ्या धोतराच्या पदराएवढा, आणि त्यात मावणारा डोंगर चालायला दोन हिवाळे. काळ्या दगडाला एक रंग, वाळूच्या दगडाला दुसरा, आणि दोघांच्या मधे रेघ. त्या रेघेसाठी तो माणूस जगला, आणि त्या रेघेनंच त्याचं वाटोळं झालं. ते माझ्यामुळे.

त्यांचा एक कायदा होता. जिथं स्वतः चालून दोन दगडांचा सांधा डोळ्यांनी पाहिला, तिथं पक्की रेघ. जिथं नुसता अंदाज, तिथं तुटक रेघ. सगळेच नकाशावाले असं करतात म्हणे. पण बाकीचे समोरच्या टेकडीवर बसून, दुर्बिणीतून पाहून पक्की मारून मोकळे होतात. हे तसे नव्हते. संध्याकाळी तंबूत कागद पसरला की मला विचारायचे, "पाय लागला का तिथं?" जणू मीच साक्षीदार. मी 'हो' म्हटलं की पेन्सिल चालायची. मी 'नाही' म्हटलं की टिंबटिंब.

एका जागी मोठी दरी होती. दोन्ही बाजूंनी ताशीव कडा, खाली पाण्याचा डोह. तीन दिवस आम्ही उतरायला वाट शोधली. तिसऱ्या दिवशी साहेब घसरले, गुडघा फुटला, नवी हातोडी डोहात गेली. जीपचा ड्रायव्हर हसला. म्हणाला, "साहेब, मारून टाका ना रेघ. इथं कोन येऊन पाह्यते? वाघ?" साहेब रक्त पुसत म्हणाले, "वाघ सही करणार असेल तर मारतो." त्या दरीवर तुटक रेघ पडली. नागपूरच्या मोठ्या साहेबांनी पत्रात टोमणा मारला की तुमच्या नकाशाला भोकं फार. आमच्या साहेबांनी पत्र घडी करून तंबूच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल स्थिर झालं.

देवमाणूस होते असं मी लिहिणार नाही. मेल्यावर सगळ्यांनाच देवमाणूस करतात. साहेब तापट होते. भात कच्चा राहिला तर ताट सरकवून द्यायचे. शाबासकी द्यायला त्यांच्या जिवावर यायचं. दोन वर्षांत दोनदा दिली असेल, त्यातली एक खेचराला. पण मला कधी "ए" म्हणून हाक मारली नाही. ज्या काळात गावचा पाटीलही मला "महाद्या" म्हणायचा, त्या काळात हा वकिलाचा मुलगा जंगलात, कोणी ऐकणारं नसतानाही, "महादेवराव" म्हणायचा. इंग्रजी आकडे लिहायला त्यांनीच शिकवलं. दगडाच्या कापडी पिशवीवर नाल्याचा नंबर टाकायचं काम मग माझं झालं. त्या आकड्यांची मला मोठी मिजास होती.

माझं नवीन लग्न झालं होतं. बायको अकोल्याकडची, कौसल्या. घरी गेलो की तिला साहेबांच्या गोष्टी सांगायचो, आणि तिनं त्यातला रेघेचा कायदा तेवढा उचलला. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात येतो," की ती विचारायची, "पक्की का तुटक?" मी म्हटलं, "तुले साडी घेतो," तरी तेच. पन्नास वर्षं तिनं मला त्या एका प्रश्नावर नाचवलं.

दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांना हिवताप आला. तीन घोंगड्यांखाली कुडकुडत पडले होते. नकाशात एकच तुकडा उरला होता. वाळूच्या दगडाचा पट्टा डोंगराच्या पायथ्यानं पहिल्या नाल्यात दिसला होता. तो दुसऱ्यात आहे का, आणि तिसऱ्या नाल्यापर्यंत जातो का, एवढंच पाहायचं होतं. साहेब म्हणाले, "महादेवराव, तुम्ही जाऊन या. दोन्ही ठिकाणचे दगड आणा."

त्याच दिवशी दुपारी जंगलखात्याचा ट्रक परतवाड्याला जाणार होता. कौसल्या तिथं मावशीकडे आली होती, जत्रेसाठी. मी तिला शब्द दिला होता. तिनं विचारलं होतं, पक्की का तुटक, आणि मी पक्की म्हटलं होतं. तिसरा नाला गाठून परत यायचं म्हणजे संध्याकाळ. मी दुसऱ्या नाल्यापर्यंत गेलो. वाळूचा दगड होता. मनात म्हटलं, इथवर आला तर पुढंही जातच असेल, दगड काय अर्ध्या रस्त्यात रुसून बसणार आहे? तिथलेच दगड दोन पिशव्यांत भरले. एका पिशवीवर दोन लिहिला, दुसऱ्या पिशवीवर तीन. सुंदर अक्षरात.

साहेबांनी घोंगडीतून हात काढून कपची जिभेला लावली. "पाय लागला का?"

"लागला, साहेब."

तापानं डोळे लाल झाले होते. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तुमचा पाय तो माझाच पाय." आणि पक्की रेघ मारली. स्वतः न चालता मारलेली त्यांची ती एकच पक्की रेघ. मी ट्रक पकडला. कौसल्येला हिरव्या बांगड्या भरल्या. येताना तंबूतल्या सगळ्यांसाठी रेवड्या आणल्या. साहेबांनीही दोन खाल्ल्या.

मार्चात मोठे साहेब तपासणीला आले. ते नेमके पलीकडच्या गाडीवाटेनं आले आणि ती वाट तिसऱ्या नाल्यातूनच जाते. आम्ही पोचलो तेव्हा ते नाल्याच्या मधोमध उभे होते, हातात आमचा नकाशा. वर काळा दगड, खाली काळा दगड. वाळूच्या दगडाचा मागमूस नाही. पट्टा दुसऱ्या नाल्यातच संपला होता.

"इथे पक्की रेघ आहे. इथे कोण आलं होतं?"

  साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पाठीवर पिशवी घेऊन मी समोरच उभा होतो. मग त्यांनी नाल्याकडे पाहिलं.

"मी आलो होतो," साहेब म्हणाले. "पिशव्यांची अदलाबदल झाली असेल."

दगडाबद्दल कधी खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. मोठे साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. थंडपणे म्हणाले, "एक पक्की रेघ खोटी निघाली, तर बाकीच्यांवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?" हा खरं म्हणजे आमच्या साहेबांचाच कायदा. त्यांच्याच हातोडीनं त्यांचं डोकं फोडलं. महिन्याभरात हुकूम आला. साहेबांना जंगलातून उचलून दूरच्या कचेरीत, कपाटातल्या दगडांना चिठ्ठ्या लावायच्या कामावर बसवलं. दोन हिवाळ्यांचा नकाशा मोठ्या साहेबांनी एका माणसाकडून दुरुस्त करून घेतला आणि पुढे तो मोठ्या साहेबांच्याच नावानं निघाला.

साहेबांचं सामान घेऊन मी बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेलो होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो. गाडी येईपर्यंत सांगितलं नाही. ट्रंक ठेवून खाली उतरलो तेव्हा साहेब खिडकीतून म्हणाले, "महादेवराव, बांगड्या हिरव्या घेतल्या की लाल?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्या नाल्यात उभं राहून त्यांनी जत्रेच्या रेवड्या, दुपारचा ट्रक आणि माझं नवं लग्न यांचा मेळ घातला असणार.

"हिरव्या," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर मी सुट्टी दिली असती हो."

गाडी सुटली. त्यांनी हात हलवला नाही, मीही नाही. लोक म्हणतील, किती मोठं मन. मला त्या मोठ्या मनाचा राग येतो. त्यांनी मला त्या नाल्यातच दोन थोबाडीत मारून हाकलून दिलं असतं, तर मी दुसरीकडे मजुरी करून सुखानं जगलो असतो. त्यांनी मला वाचवलं आणि जन्मभरासाठी खुंट्याला बांधून टाकलं.

कौसल्येला मी हे सांगितलं ते चार वर्षांनी. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. त्या जुन्या कधीच फुटल्या होत्या, या दुसऱ्याच होत्या. म्हणाली, "अजी, तुमी त्या मोठ्या सायबाले पत्र लिवा. जे झालं ते लिवा." मी म्हटलं, लिहितो. "पक्की का तुटक?" मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. साहेब बदली होत होत कुठं गेले कळलं नाही. नोकरीतच असताना ते वारले, हे अमरावतीत त्यांच्या गल्लीतल्या एका माणसाकडून कळलं. त्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी किती वेळा गेलो असेन. आत पाय लागला नाही. दर दिवाळीला ती विचारायची, "लिवलं का?" पुढं पुढं विचारणं सोडलं. ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून खरं काय ते सांगितलं होतं. मी आत गेलो. तिनं विचारलं, "मी घरी येईन ना?"

"येशील ना. कावून नाई येशील?"

"पक्की का तुटक?"

"पक्की," मी म्हटलं.

ती हसली. तिला ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. ज्यांच्याशी मी खोटं बोललो त्या दोघांनीही माझी लाज राखली, आणि दोघंही निघून गेले. जायच्या आधी तिनं एवढंच म्हटलं, "मी गेल्यावर तरी त्या रेघेचं कोनाले सांगजा."

म्हणून या हिवाळ्यात, अमरावतीच्या एका कॉलेजात मेळघाटच्या दगडांचा नकाशा कॉम्प्युटरवर चढवला आहे, तो पाहायला या, असं पेपरात वाचलं तेव्हा मी एसटीनं गेलो. एक मुलगी होती, माझ्या नातीच्या वयाची. तिनं पाटीएवढं यंत्र दाखवलं. ते हातात घेऊन डोंगरात चाललं की चालाल तशी रेघ आपोआप उमटते. कुठं उभे होता, किती वाजता, सगळं त्यात पक्कं होतं. मी म्हटलं, "म्हनजे खोटं बोलता येत नाई." ती हसली. असं यंत्र तेव्हा असतं, तर मी पकडला गेलो असतो आणि साहेब वाचले असते.

मी तिला सगळं सांगितलं. खुर्ची दिली होती, तरी उभं राहूनच सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, पडद्यावर तिसरा नाला मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, ही चूक तर कधीच दुरुस्त झालीय. बघा, पट्टा दुसऱ्या नाल्यातच संपतो. तुम्ही काळजी करू नका."

पन्नास वर्षं उराशी धरलेली गोष्ट, आणि कोणाला तिची गरजच नव्हती. कोपऱ्यात नाव होतं ते मोठ्या साहेबांचं. मी म्हटलं, "बाकीच्या रेघा आमच्या साहेबाच्या हायेत. सगळ्या. त्याचं नाव टाका." ती अवघडली. म्हणाली, "छापील नकाशावर जे नाव असतं तेच घ्यावं लागतं, आजोबा." तिचाही कायदाच. म्हणून मीही इथं साहेबांचं नाव लिहिलेलं नाही. जिथं लिहायला हवं होतं तिथं नाही, तर माझ्या कागदावर लिहून काय होणार?

निघताना तिनं नकाशा सरकवला आणि ती दरी दिसली. डोहाची. कड्यावरून जाणारी रेघ अजून तुटकच होती. मुलगी म्हणाली, "ही एवढीच तुटक का सोडलीय, कोणास ठाऊक. आमच्यातलं कोणी तिथं उतरू शकलं नाही, म्हणून आम्हीही तशीच ठेवलीय."

"तिथं साहेबाचा गुडघा फुटला होता," मी म्हटलं. "हातोडी अजून डोहात असंल."

तिनं विचारलं, "नक्की?"

"पक्की," मी म्हटलं. "तिथं माहा पाय लागला होता."