आईचे रविवार

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. आज तुमच्यापाशी का बोलते आहे — मलाही नीटसं ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला होतो. मूळचे साताऱ्याचे, बाबा रेल्वेत इंजिनियर, निशातगंजात भाड्याचं घर. धाकटा नंदू आईच्या मराठीला हिंदीतच उत्तरं द्यायचा. आठवडाभर आई कमीच बोलायची. पण रविवारची सकाळ तिची. छावणीतून शिंदेकाकू यायच्या — सुभेदारांच्या पत्नी — आणि मागच्या गल्लीतून जोशीमावशी. पोहे व्हायचे, मग आई पेटी पुढे ओढायची. अभंग, नाट्यगीतं, माहेरच्या ओव्या... गाताना ती माझी आई वाटायचीच नाही. कुणीतरी तरुण, मोकळी बाई वाटायची.

त्यातल्याच एका वर्षी मी पीएच.डी.चा प्रबंध लिहायला बसले. विषय होता लखनौच्या जुन्या बागा. टिपणं ढीगभर जमली होती, आता नुसतं लिहायचं — नुसतं! मी आतल्या खोलीत बसायची. खिडकीबाहेर आभाळात पतंग तरंगत असायचे, आणि मी त्या नाहीशा झालेल्या बागांतून हिंडू लागायची. पाण्याचे पाट, संत्र्यांची झाडं, ओल्या मातीत उमटत जाणारी कुणाची तरी पावलं. बाहेरून आईचा सूर यायचा, तोही त्याच झाडांत विरघळायचा. किती सुंदर होतं सगळं! कागदावर मात्र ओळ उतरत नव्हती.

खरं सांगू? त्या गाण्याचा मला कधीच त्रास झाला नाही. कधीच नाही.

एका रविवारी जेवताना बाबांनी विचारलं, "पहिलं प्रकरण कुठवर आलं?"

काय सांगणार होते मी? 'जमत नाही' — एवढं म्हणता आलं नसतं? पण सगळ्यांना हुशार म्हणून माहीत असलेली मुलगी ना मी!

"या गोंगाटात कसं लिहायचं, बाबा?"

गोंगाट. हाच शब्द वापरला मी. आई वाढत होती. तिचा हात जरासा थांबला. "अगं, आधी नाही का सांगायचंस," ती म्हणाली, आणि माझ्या वाटीत आमटी घातली.

पुढच्या रविवारी तिनं शिंदेकाकूंना फाटकातच गाठलं. "हिचं लिखाण चाललंय हो. थोडे दिवस..." काकू इतक्या लांबून आल्या होत्या, उभ्या उभ्या पाणी पिऊन परत गेल्या. आई डाळ पातेल्यात शिजवू लागली, कुकरची शिटी नको म्हणून. नंदू आवाज बंद करून टीव्ही बघायचा. दारातून डोकावून कुजबुजायचा, "दीदी, अब हो रहा है ना?"

"हो," मी म्हणायची. आणि त्या शांततेत — काय करायची माहीत आहे? झोपायची. बागांची स्वप्नं पडायची.

अशाच एका दुपारी पाणी प्यायला उठले. बाहेरच्या खोलीत आई जमिनीवर बसली होती, पुढ्यात पेटी. भाता बंद. डोळे मिटून ती नुसती बोटं फिरवत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पट्ट्या दबल्याची बारीक टकटक तेवढी येत होती. मी दारात उभी होते. 'आई, गा ना' — एवढंच म्हणायचं होतं.

मी पाणी न पिताच आत गेले आणि दार लोटून घेतलं.

शिंदेकाकूंच्या यजमानांची पुढे बदली झाली. मग बाबांचीही, पुण्याला. निघताना आईनं पेटी जोशीमावशींना देऊन टाकली. प्रबंध मी नंतर लिहिला — लखनौलाच, हॉस्टेलमध्ये, खिडकीखाली लाऊडस्पीकर आणि खोलीत मुलींचा कल्ला चालू असताना. पदवी मिळाली तेव्हा आई येईल-जाईल त्याला अभिमानानं सांगायची, "मला त्यातलं काय कळतंय? मी आपलं घर शांत ठेवलं."

मी ऐकून घ्यायची. हसायचीसुद्धा.

गेल्या महिन्यात माझी मुलगी आजीच्या मागे लागली होती, एक तरी गाणं म्हण म्हणून. "गळा गेला गं आता," आई म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं — सहजच पाहिलं असेल.

मी मुलीला म्हणाले, "आजीला त्रास देऊ नकोस."