पाण्यावर उभं राहून रोवलेले खांब

मुरबाडहून टोकावड्याला जाणाऱ्या एसटीत एक मजूर माझ्या शेजारी बसला होता. काश्मीरमध्ये होड्यांच्या धक्क्याचे खांब रोवून वर्षानं घरी चालला होता. "थंडीत तलाव गोठतो. मग त्यावरच उभं राहून भोक पाडायचं आन् खांब ठोकायचा. उथळ ऱ्हायला तर बर्फच उपटून काढतो." गुडघ्यांत धरलेली छत्री वर खेचून त्यानं दाखवलं. मी हरखून विचारत गेलो, तसा तोही रंगत गेला. "तुमी ऐकता तरी. पाण्यावर चाललो म्हटलं तर घरी कोण मानायचं नाय." पाड्याच्या ओढ्याशी तो उतरला. मी खिडकीतून पाहत होतो. ओढ्यात शिरण्याआधी, बर्फ पेलेल का बघावं तशी त्यानं काठच्या पाण्यावर जोरात टाच आपटली, आणि उडालेल्या पाण्यानं कमरेपर्यंत भिजून एकटाच हसत सुटला.