सधन गाव

त्या वर्षी मी केंद्रप्रमुख होतो. माझ्याकडे दहा-बारा जिल्हा परिषद शाळा. वरून फॉर्म आला: गावाची ऐपत बघून प्रत्येक शाळेचा गट ठरवा. दुर्बल गावाला वर्गखोलीचे पैसे आधी मिळणार. सधन गावाने लोकवर्गणीतून भागवायचं. मला ते रास्तच वाटलं होतं.

गंगाखेडकडच्या एका उसाच्या गावात गेलो, तर सरपंच फाट्यावरच गाडी घेऊन उभे. शाळा बाजूलाच राहिली. त्यांच्या नव्या बंगल्याच्या गच्चीवर मी शिरा खात बसलो. समोर स्लॅबची घरं, दारादारात ट्रॅक्टर.

"सायब, काई बी लिवा, पन गरीब लिवू नका," सरपंच म्हणाले. "पोरायच्या सोयरिकी मोडतेत."

आम्ही दोघं हसलो. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका जिना चढून आल्या. दम लागला होता.

"सर, शाळेत बसून फॉर्म भरू या ना. मागच्या वस्तीत एक चक्कर मारा. या घरांमधली पोरं आपल्याकडं नाहीतच. सकाळी पिवळ्या गाडीतून गंगाखेडला जातात, इंग्लिश शाळेत. आपल्याकडं मजुरांची येतात."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझी मुलगीही तशाच गाडीतून जायची. पण ऊन कडक होतं, अजून दोन गावं व्हायची होती, आणि ज्यांचा शिरा खाल्ला त्यांच्यासमोर उठून वस्तीत जायचं जिवावर आलं.

"बाई, एका गावाचे दोन गट करता येत नाहीत," मी म्हणालो आणि 'सधन'वर खूण केली. बाई आल्या तशा जिना उतरून गेल्या.

पुढच्या जूनमध्ये पुस्तकं घेऊन त्या शाळेत गेलो. खोली मंजूर झाली नव्हती. दोन वर्ग व्हरांड्यात बसत, म्हणून वस्तीतल्या बाया पुढं पत्र्याचं छप्पर घालायला लागल्या होत्या. पत्रे जुने होते, कुणाकुणाच्या घरावरून काढून आणलेले. त्या बायांमधली एक पदरानं घाम पुसत मला म्हणाली, "सर, कोन्या सायबानं आमाला श्रीमंत लिवलं म्हनं. कोनचं घर बघितलं आसंल हो त्यानं?"

मी मुख्याध्यापिका बाईंकडे बघितलं. 'हेच ते साहेब' असं त्यांनी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सर लांबून आलेत, आधी पाणी द्या त्यांना."

वस्तीतल्या त्या बाईनं तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायलो. 'तो साहेब मीच' हे सांगायला तोंड उघडलं नाही.

परत येऊन गट बदलण्यासाठी अर्ज केला. "आता पुढच्या सर्वेक्षणातच," असं उत्तर आलं. त्या सर्वेक्षणात मी वस्तीतल्या घराघरात गेलो, खाटेवर बसून फॉर्म भरला आणि गट बदलला. खोली झाली, पण तोवर व्हरांड्यात बसलेली पोरं चौथी पास होऊन गेली होती.

उद्घाटनाला बाईंनी आठवणीनं फोन केला. मी तब्येतीचं कारण सांगितलं. तब्येत ठणठणीत होती.