गॅलरीतला कॅमेरा आणि वरची कडी

आधीच सांगतो, मी देवळातही बायको ओढून नेते म्हणून जाणारा माणूस. भूतखेत, संकेत, स्वप्नात कोण आलं... असलं कुणी बोलायला लागलं की मी चहा घ्यायला उठायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

लालबागला आमची खोली चाळीत तिसऱ्या माळ्यावर, जिन्यापासून शेवटची. बायको शाळेत शिक्षिका, मी अंधेरीला एका ऑफिसात ड्राफ्ट्समन, मुलगा कॉलेजात. दिवसभर घरात आई एकटी. गॅलरीतून चपला जायला लागल्या, एकदा तांब्याची कळशी गेली. आई तर दार सताड उघडं टाकून बसायची. म्हणून मी दाराबाहेर, वर भिंतीला वायफायचा कॅमेरा लावला. मोबाईलवर दिसायचं, आवाज यायचा, इकडून बोलताही यायचं. आई मालवणची. म्हणाली, "माज्यावर नजर ठेवतंस?"

"तुझ्यावर नाही गं, चोरांवर."

वडिलांबद्दल सांगायला हवं. ते गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संपाच्या दुसऱ्या वर्षी, "भिवंडीला मागावर काम मिळतंय का बघतो," असं सांगून सकाळी निघाले ते परत आले नाहीत. मी सातवीत होतो. पोलीस झाले, भिवंडी झाली, गावाला माणूस पाठवून झाला. काहीच कळलं नाही. बारा वर्षांनी नातेवाईक म्हणाले, आता त्यांचा दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. आईने त्यांना दारातून परत पाठवलं. त्यानंतर आमच्याकडे तो विषय कुणी काढला नाही.

कॅमेरा लावून महिना झाला असेल. बुधवार होता, दुपारी साडेबाराच्या सुमारास. मोबाईल वाजला म्हणून बघितलं, तर आई गॅलरीत आडवी पडलेली! वाळत घातलेली चादर काढताना पाय घसरला होता. मी ओरडलो, "आई, हलू नकोस! मी वहिनींना फोन करतो." शेजारच्या दळवी वहिनी भाजी आणायला खाली गेल्या होत्या. "आलेच," म्हणाल्या. गॅलरीत दुसरं कुणीच नव्हतं.

मी परत कॅमेरा उघडला. आई माझ्या आवाजाकडे बघतच नव्हती. जिन्याकडे बघत होती. मग तिने दोन्ही हात वर केले... समोर कुणी वाकलं की करतो ना आपण, तसे. आणि ती उठली. हात न टेकता, गुडघा न वाकवता, सरळ उभी राहिली. काखेखाली पदर दाबला गेला होता. मान एका बाजूला वळवून ती म्हणाली, "हळू... हळू वो."

हे 'वो' ती जगात एकाच माणसाला म्हणायची.

ती आत गेली. दार लागलं.

वहिनी पाच-सात मिनिटांत पोचल्या. दार आतून बंद. आतून आईचा आवाज, "माका उठाक येणा नाय." शेवटी खालच्या माळ्यावरचे दोघे आले, पहारीने दार उचकटलं. मी पोचलो तेव्हा आई कॉटवर होती, अंगावर ती बाहेरची चादर नीट पांघरलेली. आणि दाराची वरची कडी तुटून लोंबत होती. मुलगा लहान असताना पळून जाऊ नये म्हणून ती मीच उंचावर बसवली होती. आईचा हात तिथे कधीच पोचला नाही. स्टूल तर मोरीत होतं, त्यावर बादली.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. "यांना आत कुणी उचलून नेलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, स्वतःच गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक्स-रे परत उजेडात धरला. रेकॉर्डिंग कॅमेरावाल्यालाही दाखवलं. म्हणाला, नेट स्लो असलं की मधल्या फ्रेम उडतात. मी म्हटलं, पण यात एकही फ्रेम उडालेली नाही, वेळ सेकंदासेकंदाने पुढे जाते. त्याने परत एकदा बघितलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरत गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी गेलो तर आईने कुंकू पुसलेलं. कपाळावर नुसती लाल रेघ राहिली होती.

"हे काय केलंस?"

"तेंचा काय ता करून घे आता," ती म्हणाली. "मी उगाच अडवून ठेवलंय."

मी विचारलं, "आई, कुठे होते ते एवढी वर्षं?"

ती म्हणाली, "ता मी नाय इचारलंय. लय दमलेले होते."

आठव्या दिवशी आई गेली. भटजींना विचारून मी दोघांचंही केलं, आधी वडिलांचं. बायको म्हणते, ते रेकॉर्डिंग पुसून टाक. माझ्याने होत नाही. मी ते कितीदा तरी बघितलंय, आवाज बंद करूनही, एकेक सेकंद थांबवूनही. आईशिवाय त्यात कुणीही नाही. कुणाला याचा अर्थ लागत असेल तर मला जरूर सांगा, मला तर अजून लागलेला नाही.