काचमावशीची पायरी

या शहरात पोरांना घेऊन फिरायच्या जागा कमी नाहीत. प्राणिसंग्रहालय आहे, तारांगण आहे, मोठ्या बागेतली झुकझुक गाडी आहे, तळ्यात पायडलच्या होड्या आहेत. हे सगळं करून पाय मोडले, ऊन डोक्यावर आलं, धाकट्याला शू लागली, की मग आईबाप आमच्याकडे वळतात. आमच्याकडे म्हणजे जुन्या संग्रहालयात. इथे पंखे आहेत, बाकं आहेत आणि स्वच्छ संडास आहेत. पोरांना उगाच वाटतं की आपल्याला प्राणी-पक्षी बघायला आणलंय.

मी इथला सुतार. वीस वर्षं झाली. तसा मी तिरसट माणूस, हे मीच सांगतो, म्हणजे लोकांना त्रास नको. लाकडाला हात लावणारा कोणीही मला आवडत नाही आणि लहान पोरं तर सगळ्याला हात लावतात. वरच्या मजल्यावर पक्ष्यांच्या अंड्यांचं दालन आहे. तिथे चौदा मोठी टेबलं आहेत, वर आडवी काच, आत कापसावर मांडलेली अंडी. त्या टेबलांच्या कडांचं पॉलिश दर सहा महिन्यांनी उडायचं. दर सहा महिन्यांनी मी ते नव्यानं करायचो आणि तेवढा वेळ समस्त बालवर्गाचा उद्धार करायचो.

काचमावशी माझ्याआधीपासून इथे साफसफाईला. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण शिपायापासून अधीक्षक साहेबांपर्यंत सगळे तिला काचमावशीच म्हणायचे. उंचीला जेमतेम, उभ्या कपाटांची वरची काच पुसायला तिला स्टूल लागायचं. पण काच अशी पुसायची की एकदा एक पाहुणा मधे काच आहे हे विसरून पेंढा भरलेल्या घुबडाला हात लावायला गेला आणि बोट मुरगळून घेतलं. काच पुसणाऱ्याला सगळं कळतं, असं ती म्हणायची. कोण वाकून बघत होतं, कोण नुसतं टेकलं होतं, कुठे नवराबायको भांडत उभे होते. हे शेवटचं कसं कळतं, मी विचारलं होतं. "दोघांचे तळवे दोन टोकांना असतात," ती म्हणाली.

तिच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते, तेव्हा ती डबा घेऊन माझ्या कामाच्या खोलीत आली. भुसा झटकून बाकावर बसली.

"मिस्त्री, मला एक पायरी करून दे."

"घरी हवीय?"

"अंड्यांच्या दालनात. टेबलांच्या पुढे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोरांना उभं राहायला."

मला ठसकाच लागला. म्हटलं, "मावशी, पोरं हात लावतात तेवढं पुरे नाही का? आता पायपण लावू देत?"

तिनं डबा बंद केला. मला वाटलं, रागावली. पण तिनं मला एक गोष्ट सांगितली आणि ती सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, रंध्याकडे बघत होती.

ती पाच वर्षांची असताना वडील चारही भावंडांना इथे घेऊन आले होते. ती शेंडेफळ. घर शहराच्या पार टोकाला, दोन बस बदलून आले. अंड्यांच्या दालनात वडिलांनी थोरल्याला उचललं, मग मधल्याला, मग बहिणीला. तिघं चांगले जाडजूड होते. हिची पाळी आली तेव्हा वडिलांचे हात भरून आले होते. ते म्हणाले, "तुला पुढच्या वेळी हं, बाळ." पुढची वेळ काही आली नाही. वडील वाईट नव्हते, दमलेले होते. पण थोरला भाऊ घरी जाऊन सांगत सुटला की तिथे एक अंडं आहे, हिच्या डोक्याएवढं. आणि बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. हिनं "खोटं!" म्हटलं की तिघं हसायचे. "तू कुठे बघितलंस?"

"पुढे बत्तिसाव्या वर्षी इथे कामाला लागले," मावशी म्हणाली. "पहिल्या दिवशी बादली ठेवली आणि आधी ते बघून आले. शहामृगाचं आहे. भाऊ तसा खोटं बोलला नव्हता. पण मिस्त्री, बघितलं ते बत्तीस वर्षांच्या बाईनं. त्या पाच वर्षांच्या पोरीनं नाही बघितलं. ती अजून तिथेच खाली उभी आहे."

मी म्हटलं, "बरं, पण आता त्याचं काय?"

"आता काय म्हणजे? दर रविवारी तीच येते. कधी लाल फ्रॉकमधे, कधी चड्डीत. आईबाप एकाला उचलतात, दोघांना उचलतात, शेवटच्याला म्हणतात, काही नाहीये बेटा तिथे, चल. मी सव्वीस वर्षं ऐकतेय. जाण्याआधी पायरी करून जाणार. तू केलीस तर तू, नाहीतर दुसरा."

दुसरा या शब्दानं मला झोंबलं. पण साहेबांच्या परवानगीशिवाय मी खिळासुद्धा ठोकू शकत नाही, असं सांगून मी सुटका करून घेतली.

मावशीनं अर्ज केला. आठ दिवसांनी उत्तर आलं: मुले पडतील. तिनं दुसरा अर्ज केला, त्यात लिहिलं की मुले आत्ताही लोंबकळतात आणि पडतात. त्याला उत्तर: तशी नोंद आढळत नाही. तिसरा अर्ज घेऊन ती स्वतः हेडक्लार्ककडे गेली. हेडक्लार्क म्हणजे पालथा घडा. त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "मावशी, दीड महिना राहिलाय. माणसानं आपल्या पायरीनं राहावं."

"तीच तर मागतेय कधीची," मावशी म्हणाली आणि अर्ज त्याच्या टेबलावर ठेवून आली.

तो अर्जही परत आला. आम्हाला वाटलं, आता मावशीनं हात टेकले. कारण ती काहीच बोलेना. सकाळी यायची, पुसायची, जायची.

मग एका गुरुवारी मी वर गेलो आणि माझं डोकंच फिरलं. टेबलांच्या कडा चिकट, डागाळलेल्या, माझ्या पॉलिशची दुर्दशा झालेली. काचा मात्र लख्ख. मी तिला जिन्यातच गाठलं.

"मावशी, कडा पुसल्या नाहीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"शनिवारपासून. काचा रोज सकाळी पुसते. रविवारच्या तेवढ्या सोमवारी आधी बघून घेतल्या, मग पुसल्या. कडांना हात लावणार नाही."

"अगं, पण का?"

"तशी नोंद आढळत नाही म्हणाले ना? आढळणार कशी? सव्वीस वर्षं मीच पुसून टाकतेय."

दर सहा महिन्यांनी नवं पॉलिश चढवून मीही तेच करत होतो. उडालेलं पॉलिश नेमकं कुठे उडतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. शिव्या देण्यात बरं चाललं होतं माझं.

दुसरा रविवार गेला. सोमवारी हेडक्लार्क दालनात फेरी मारायला आला आणि त्याच्या बाहीला काहीतरी चिकट लागलं. दुपारी मावशीच्या हातात मेमो पडला. कामात हयगय. सव्वीस वर्षांत तिला कोणी उशीर झाला म्हणूनसुद्धा बोललं नव्हतं. निवृत्तीच्या निरोपाला साहेब प्रत्येकाची कामाची नोंद वाचून दाखवतात, आणि आपली कोरी आहे याचा तिला केवढा अभिमान होता हे मला माहीत होतं. तिनं मेमो वाचला. ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं लपवलं नाही. मग म्हणाली, "खुलासा द्यायचा असतो ना? मी वरच देते. साहेबांना बोलवा."

साहेब आले. सोबत हेडक्लार्क, आणि न बोलावता मी. मावशीनं त्यांना शहामृगाच्या टेबलापाशी नेलं.

"हे बघा साहेब. ही आठ बोटं, कडेवर. ही इथे आणखी आठ. खाली फळीवर बुटांच्या टोकांचे ओरखडे. आणि मधे लाकडावर हा ठिपका, हे नाक." ती टेबलामागून टेबल दाखवत गेली. "आता काच. कालची काच सकाळी मी पुसलेली नाही. मोठ्यांचे तळवे आहेत, अंगठीचा ओरखडा आहे. खाली उभ्या पोराचं एक बोट दाखवा मला."

साहेब वाकून बघत होते. माणूस शिकलेला, वाईट नाही, पण उंच. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब, त्यांनी मुद्दाम..."

"मुद्दामच," मावशी म्हणाली. "साहेब, जरा गुडघ्यावर बसता का?"

साहेबांनी पँटची इस्त्री सांभाळत एक गुडघा टेकला.

"दोन्ही," मावशी म्हणाली.

त्यांनी दोन्ही टेकले.

"काय दिसतंय?"

"लाकूड."

"आणखी?"

साहेबांनी मान उंचावली. "एक स्क्रू आहे."

"कोणत्या पक्ष्याचा, साहेब?"

मी तोंड फिरवलं, कारण हसलो असतो तर दुसरा मेमो माझा होता. साहेब हसले नाहीत. ते उठायला लागले आणि आधाराला त्यांनी कड धरली. आठ बोटं, नेमकी त्या डागांवर. हात उचलून त्यांनी बोटांकडे बघितलं आणि बराच वेळ रुमालाला पुसत राहिले.

"रुंद हवी," शेवटी ते मला म्हणाले. "आणि जमिनीला पक्की. हलता कामा नये."

"माझं काम हलत नाही, साहेब."

मग ते मावशीकडे वळले. जरा अवघडून म्हणाले, "मेमोची मात्र नोंद झालीय, मावशी. तो मागे घेता येत नाही."

"राहू दे," ती म्हणाली. "एक तरी असावा."

पायरीची उंची मी कागदावर काढायला लागलो, तर तिनं पेन्सिल बाजूला सारून स्वतःचा हात ठेवला. एक वीत आणि चार बोटं. मी नंतर हिशेब करून बघितला, पाच वर्षांच्या पोराला बरोबर तेवढीच लागत होती. कामाला तीन आठवडे गेले. टोकं गोल केली, पुढे घसरू नये म्हणून खाचा पाडल्या. शेवटचा स्क्रू शनिवारी संध्याकाळी बसला, तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, निरोपाचे हार उतरवून ती माझ्या शेजारी बॅटरी धरून बसली होती. साहेबांनी तिची नोंद वाचली होती, मेमोसकट. टाळ्या त्या मेमोलाच जास्त पडल्या.

"उद्या रविवार," मी म्हटलं. "ये बघायला."

"नको. मी आले तर सवयीनं एखाद्याला उचलेन. मग पायरी कशाला केली?" तिनं खाचांवरून हात फिरवला. "शिवाय तोंडं बघून मला काही कळत नाही. तू सोमवारी काच बघ आणि फोन कर."

सोमवारी मी आठला पोचलो. आजवर इतक्या लवकर कधी गेलो नव्हतो. तिच्या जागी आलेली नवी मुलगी बादली घेऊन जिना चढत होती, तिला म्हटलं, थांब जरा. दालनात तिरपं ऊन आलं होतं आणि काचा बरबटलेल्या होत्या. बोटं, तळवे, नाकं, एके ठिकाणी चक्क पूर्ण कपाळ. मी बोट न लावता मोजलं. दोनदा मोजलं. मग फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला.

"बोल."

"नाकं सतरा," मी म्हटलं. "बोटं मोजत नाही, मोजता येणार नाहीत."

"शहामृगासमोर किती?"

"नऊ. त्यातलं एक अगदी कडेला आहे, खाली. इतकं लहान, मावशी, की वाटाणा ठेवावा तेवढं."

फोनवर नाक ओढल्याचा आवाज आला. मीही खिशातला रुमाल चाचपला, पण आमच्यात दोघांनी एकदम रडायची पद्धत नाही.

"मावशी, एक दिवस राहू दे का तसंच? साहेबांना दाखवू. फोटो काढतो."

"वेडा आहेस का? ती मुलगी आलीय ना? तिला सांग, पूस म्हणावं, कोरड्या फडक्यानं, गोल गोल नाही, सरळ. दहाला शाळेची पोरं येतील. त्यांना काय कालची नाकं दाखवायची?"