गॅमेलिएल टकची कोंबडी

आमचे मालक गॅमेलिएल टक भित्रे होते. लंडनमध्ये छापखाना चालवायचा तर इतकं भित्रं असून भागत नाही. सैनिकांनी नको ते सभासद हाकलून दिल्यावर जे पार्लमेंट उरलं, त्याला सगळं शहर ‘बूड’ म्हणायचं. मालक मात्र दार लावूनसुद्धा ‘माननीय सभा’ म्हणत.

तरी त्यांनी त्या पार्लमेंटवरचं एक गाणं छापलं, स्वतःचं नाव न घालता. बारा वर्षं अंड्यांवर बसलेली कोंबडी. पिल्लू एक नाही, पण उठायला तयार नाही. गाणं माझं होतं. वर चित्र हवं म्हणून मालकांनी फळीवरचा जुना लाकडी ठसा काढला. गाण्याचा कागद कुठलाही असो, चित्र घरात असेल तेच लावायचं, ही आमच्या धंद्याची रीतच.

“अहो, नवा कोरून घ्या,” त्यांची बायको हेस्टर म्हणाली.

“कोंबडीवर काय माझं नाव लिहिलंय?”

नाव नव्हतं, पण डोळ्याच्या जागी लाकूडकिड्यानं पाडलेलं भोक होतं. आणि तीच एकडोळी कोंबडी त्यांच्या नावानिशी छापलेल्या पंचांगात ‘मार्च : खुराडी झाडा’ या ओळीवर बसलेली होती. पंचांग दुकानात टांगलेलं.

झडतीवाल्या सार्जंटनं दोन्ही कागद शेजारी धरले आणि पोट धरून हसला. “झकास आहे हो गाणं! आमच्या बराकीत सगळ्यांना पाठ आहे. चला, टोपी घ्या.”

“साहेब, म्हातारा माणूस आहे,” हेस्टर म्हणाली.

“मग गाडीतून नेऊ, बाई.”

रचलं कोणी, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. छपाई बंद पडावी म्हणून त्याच्या माणसांनी छापयंत्राचा दाब देणारा मोठा स्क्रू काढून नेला. एक कागद सार्जंटनं स्वतःच्या खिशात घातला.

खटल्याच्या आदल्या दिवशी मी तुरुंगात मालकांना भाकरी आणि चीज द्यायला गेलो. खिडकीखाली गर्दी तेच गाणं म्हणत होती, त्यांना धीर यावा म्हणून. शेवटी तर चक्क त्यांच्या नावाचा जयजयकार!

मालक पांढरेफटक पडले होते. “अरे, गप्प बसव त्यांना. न्यायाधीश समोरच राहतात.”

मी धावत खाली गेलो, हात जोडले. “गाऊ नका हो! टकच्या छापखान्यातला माणूस आहे मी, त्यांनीच सांगितलंय.”

“टकचा माणूस!” कोणीतरी ओरडलं, आणि त्यांनी मला खांद्यावर घेऊन गाणं पहिल्यापासून सुरू केलं.