सोवळ्याची पुडी

चिदंबररावांची चूक एवढीच, की परक्या तोंडून मराठी ऐकली आणि ते विरघळले.

तंजावूरच्या राजवाड्यामागे त्यांचं किराणा दुकान होतं. आसपासच्या मराठी घरांची श्राद्धं त्यांना तोंडपाठ. तिथीच्या आदल्या सकाळी आंघोळ करून, ओला पंचा नेसून ते तीळ, उडीद डाळ, मिरी, दर्भ यांची पुडी बांधत आणि न सांगता घरपोच करत. त्या दिवशी हिंगाच्या डब्याला हात लावायचा नाही, हा वडिलांचा शिरस्ता. साबण-बिस्किटं लोक कुठूनही घेत. पण या पुडीपायी घरं दुकानाला धरून होती. दुकान तगलं होतं ते तेवढ्यावरच.

अठ्ठ्याण्णव साली मद्रासची एक सुपरमार्केट कंपनी गावोगाव शाखा काढत सुटली. तिचा टायवाला माणूस चौकशीला आला, तेव्हा रावांनी त्याला तमिळमध्ये झाडलं. तो हळूच म्हणाला, "मामा, मी रघुराम. कुंभकोणमच्या वेंकूबाईचा नातू. आमच्या घरींही मराठीच."

झालं! राव कॉफी सांगून मोकळे. "बैस रे बाळ, अस्कं सांगतों तुज." आणि सांगितलंही सगळं. कोणाची तिथी कधी, कुठे किती तीळ लागतात, पुडी कशी बांधायची. भरात स्वतःच्या वडिलांची तिथीही सांगून बसले. पोरगा लिहून घेत होता, आणि या भोळ्या माणसाला त्याचं कौतुक वाटत होतं!

चार महिन्यांनी बसस्टँडजवळ काचेचं दुकान उघडलं. तिथीच्या आठवडाभर आधी तिथून घरोघरी आठवणीची पोस्टकार्डं जाऊ लागली. राव तणतणत तिथे गेले. रघुराम अदबीने उठून उभा राहिला.

"मामा, ज्या गावीं जावें तिथलं हुडकून विकावें, हेंच माझं काम. पुढल्या महिन्यांत मदुरैला जातों."

त्याच्यावर धड रागावताही येईना. एकेक घर तुटलं. माल उठेना, म्हणून नवा भरता येईना.

वडिलांच्या तिथीच्या आदल्या सकाळी रावांनी ओल्या पंच्याने तिळाचा डबा उघडला. तिळाला जाळी लागली होती.

बायको, विशालाक्षी, आतून आली. तिने एक पाकीट पुढे ठेवलं. शेजारी रावांच्याच नावाचं पोस्टकार्ड. पाकिटावर तमिळमध्ये छापलं होतं: 'आंघोळ करून, हिंगाला हात न लावता बांधलेले.'

रावांनी ते दोनदा वाचलं. मग पाकीट फोडून चिमूटभर तीळ तळहातावर घेतले.

तीळ चांगले होते.